लहान स्थानिक इतिहास संग्रहालयात स्वयंसेवकाला नेमके कोणते काम असते?

प्रश्न थोडक्यात असा आहे : घराजवळच्या एका लहान स्थानिक इतिहास संग्रहालयाला स्वयंसेवक हवे आहेत. प्रश्नकर्ते नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले आहेत, आठवड्यातला एक दिवस देऊ शकतात, पण इतिहासाचे किंवा संग्रहालयशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. अशा माणसाला तिथे खरोखर उपयोगाचे काम मिळते का, की तिकिटे फाडणे आणि खुर्च्या मांडणे एवढेच वाट्याला येते, आणि रुजू होण्याआधी काय पाहून घ्यावे, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी अशाच एका संग्रहालयात बावीस वर्षे काम करत आहे. पहिली काही वर्षे मी स्वतः स्वयंसेवक होतो आणि त्यानंतर स्वयंसेवकांच्या कामाची आखणी माझ्याकडे आली. त्या अनुभवावरून सरळ उत्तर देतो : काम आहे, भरपूर आहे आणि ते अत्यंत उपयोगाचे आहे. लहान संग्रहालयाला सर्वांत मोठी उणीव असते ती वस्तू आणि तिची माहिती यांची सांगड घालून देणाऱ्या, चिकाटीने बसणाऱ्या माणसांची. पदवी असलेला तज्ज्ञ गरजेपुरता बाहेरून बोलावता येतो. परंतु दर आठवड्याला ठरलेल्या वेळी येऊन वीस वस्तूंच्या नोंदी तपासणारा माणूस बाहेरून आणता येत नाही.

लहान संग्रहालय म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवे. दोन-चार दालने, एखादी साठवणीची खोली, पगारी कर्मचारी एक किंवा तोही नाही, आणि काही हजार वस्तू, ज्यांतल्या थोड्याच काचपेट्यांमध्ये मांडलेल्या असतात, असे त्याचे साधारण रूप असते. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने, म्हणजे ‘आयकॉम’ने, ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. संशोधन, संकलन, जतन, अर्थविवरण आणि प्रदर्शन या कामांबरोबरच संग्रहालयांनी समाजगटांच्या सहभागाने काम करावे, असे तिच्यात म्हटले आहे. मोठ्या संग्रहालयांना हा सहभाग मुद्दाम घडवून आणावा लागतो. लहान संग्रहालयात मात्र तो नसेल तर दारच उघडत नाही, कारण कुलपाची किल्लीसुद्धा बहुधा एखाद्या स्वयंसेवकाकडेच असते.

वस्तूची माहिती इतकी महत्त्वाची का, हे मला एका सुरीने शिकवले. आमच्याकडे हाताच्या वितीएवढी एक सुरी होती. तिचे पाते किंचित वाकलेले होते आणि टोक आत वळून त्याची बारीकशी पन्हळ झालेली होती. जुन्या नोंदीत ‘बागकामाची सुरी, लोखंडी, लाकडी मूठ’ असे लिहिलेले होते आणि त्याच नावाने ती कित्येक वर्षे पेटीत पडून होती. एका दुपारी आलेल्या वयस्क गृहस्थांनी ती पाहिली आणि हातात घेऊन पाहू का, असे विचारले. आमच्या स्वयंसेविकेने हातमोजे देऊन ती त्यांच्या हाती ठेवली. ते स्टुलावर बसले, गुडघे जवळ घेऊन त्यांमध्ये जणू काही पकडले आहे असा आविर्भाव केला आणि सुरी स्वतःच्या दिशेने ओढत म्हणाले, ‘ही नालबंदाची सुरी आहे, माझ्या वडिलांकडे होती. घोड्याचा खूर असा धरायचा, पात्याने वाढलेला भाग तासायचा आणि या वळलेल्या टोकाने खुराच्या खाचा साफ करायच्या.’ मग त्यांनी मूठ उलटी करून दाखवली. तिच्या एकाच बाजूला अंगठ्याच्या आकाराची झीज होती. हा माणूस डावखुरा असावा, असे ते म्हणाले. स्वयंसेविकेने लगेच वही उघडून त्यांचे शब्द, तारीख आणि ही माहिती कोणी दिली ते लिहून घेतले. सुरी तीच होती. पण त्या दिवसापर्यंत ती मुकी होती आणि त्या दहा मिनिटांनंतर तिच्यामागे एक व्यवसाय, एक हात आणि त्या हाताची सवय उभी राहिली.

त्या स्वयंसेविकेजवळही इतिहासाची पदवी नव्हती. तिने तीन गोष्टी बरोबर केल्या : समोरच्याला बोलू दिले, ऐकलेले तिथल्या तिथे लिहिले आणि जुनी नोंद खोडून न टाकता तिच्याखाली नवी माहिती तारखेसह जोडली. जुनी चूक पुसायची नसते, कारण उद्या नवी माहिती चुकीची ठरली तर मागे जाण्याचा मार्ग उरला पाहिजे.

आता या नोंदीचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो. संग्रहालयात येणारी प्रत्येक वस्तू दाखल नोंदवहीत चढते आणि तिला दाखल क्रमांक मिळतो. बहुतेक ठिकाणी तो तीन भागांचा असतो : वस्तू दाखल झाली ते वर्ष, त्या वर्षात कितव्या देणगीतून आली तो आकडा आणि त्या देणगीतली ती कितवी वस्तू. म्हणजे २०२४.७.३ हा क्रमांक पाहिला की २०२४ मधल्या सातव्या देणगीतली ही तिसरी वस्तू, एवढे वही न उघडता कळते. ज्याने वस्तू दिली त्याची सही असलेले देणगीपत्र त्याच आकड्याखाली जपलेले असते. त्या पत्रात वस्तूची मालकी कायमची संग्रहालयाकडे येत असल्याचे स्पष्ट लिहिलेले हवे. ‘तुमच्याकडे ठेवायला देतो’ अशा तोंडी शब्दांवर घेतलेल्या वस्तूंमुळे पुढच्या पिढीत किती वाद होतात, ते मी पाहिले आहे. पन्नास वर्षे सांभाळलेली पेटी कोणाची, हे सांगणारा एक कागदही नसतो, आणि दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही दुखावल्या जातात.

क्रमांक वस्तूवर घालण्याचे काम नव्या स्वयंसेवकाला मी आवर्जून देतो, कारण त्यातून संग्रहालयाची सगळी शिस्त हातात उतरते. धातू, भाजलेल्या मातीच्या वस्तू किंवा काच यांवर थेट शाईने लिहायचे नसते. आधी वस्तूच्या न दिसणाऱ्या, पण सहज सापडणाऱ्या जागी पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेचे ॲसिटोनमधील द्रावण नखाएवढ्या जागेत लावायचे. ते पूर्ण सुकल्यावर त्या थरावर बारीक निबने क्रमांक लिहायचा, आणि शाई वाळली की वरून आणखी एक थर द्यायचा. क्रमांक अशा प्रकारे दोन थरांच्या मध्ये बसतो. पुसट होत नाही, आणि कधी काढायची वेळ आलीच तर ॲसिटोनच्या बोळ्याने वस्तूला धक्का न लावता निघतो. प्लॅस्टिक, रोगण दिलेले लाकूड किंवा रंगवलेला पृष्ठभाग यांना मात्र ॲसिटोन खाते, म्हणून तिथे ही पद्धत वापरायची नाही. अशा वस्तूंना सुती फितीने चिठ्ठी बांधलेली बरी. कापडाला क्रमांक लिहिलेली सुती फीत चार सैल टाक्यांनी शिवतात, आणि कागद किंवा छायाचित्र असेल तर मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहितात. चिकटपट्टी, स्टेपलची पिन आणि बॉलपेन या तीन गोष्टी साठवणीच्या खोलीत येऊच द्यायच्या नाहीत.

वर्णन लिहिणे हे त्यापुढचे काम, आणि ज्याने आयुष्यभर कार्यालयात टिपणे लिहिली आहेत किंवा कारखान्यात मोजमापे घेतली आहेत त्याला ते लवकर जमते. ‘जुनी सुंदर पेटी’ हे वर्णन नव्हे. चोरीला गेलेल्या वस्तू ओळखता याव्यात म्हणून १९९० च्या दशकात ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले. वस्तूचा प्रकार, मापे, साहित्य, तिच्यावरचा मजकूर व खुणा, काळ, निर्माता आणि तिला इतरांपासून वेगळी ओळख देणारी वैशिष्ट्ये, एवढ्या गोष्टी छायाचित्रासह नोंदवाव्यात, असे ते सांगते. त्या शेवटच्या मुद्द्याकडे मी नव्या माणसाचे लक्ष मुद्दाम वेधतो. एकाच साच्यातले शंभर कंदील असतील, पण डाव्या कडीशी पडलेला पोचा एकाच कंदिलाला असतो. तो पोचा लिहिला, तर तो कंदील हरवला तरी ओळखता येतो.

साठवणीची खोली पाहिली की संग्रहालयाची खरी प्रकृती कळते. सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी रोम येथून काम करणाऱ्या ‘इक्रॉम’ या संस्थेने लहान संग्रहालयांच्या साठवणीची फेररचना करण्याची ‘री-ऑर्ग’ ही पद्धत विकसित केली आहे. तिचे काही निकष मी आमच्या भिंतीवर लावून ठेवले आहेत : एकही वस्तू थेट जमिनीवर नसावी, प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असावी आणि ती तीन मिनिटांत सापडावी, आणि कोणतीही वस्तू काढताना दोनपेक्षा अधिक वस्तू हलवाव्या लागू नयेत. ऐकायला हे साधे वाटते. पण आम्ही प्रथम मोजून पाहिले तेव्हा एक घड्याळ बाहेर काढण्यासाठी अकरा वस्तू हलवाव्या लागल्या, आणि त्या अकरांपैकी एका काचेच्या झाकणाला त्याच वेळी तडा गेला. ती खोली लावायला चार स्वयंसेवकांना आठवड्याला एक दिवस या हिशेबाने जवळजवळ दीड वर्ष लागले. त्या दीड वर्षात जेवढ्या ‘हरवलेल्या’ वस्तू सापडल्या तेवढ्या आधीच्या दहा वर्षांत सापडल्या नव्हत्या.

वस्तूंची निगा हा विषय मोठा आहे, आणि उत्साही स्वयंसेवकाकडून सर्वाधिक नुकसान इथेच होते, म्हणून माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी मला एक पितळी माप दिसले, काळवंडलेले. कोणालाही न विचारता मी ते बाजारात मिळणाऱ्या पॉलिशने घासून लख्ख केले. सगळ्यांनी कौतुक केले. काही महिन्यांनी वजने-मापांचा अभ्यास करणारी एक व्यक्ती आली आणि त्यांनी जुन्या छायाचित्राशी ताडून विचारले, काठावर तपासणीचे उथळ ठसे होते ते कुठे गेले? ते मी घासून टाकले होते. मापाचे प्रत्येक तपासणीचे वर्ष त्या ठशांत होते, आणि आता ते कोणत्याही उपायाने परत येणार नाही. आजही नव्या स्वयंसेवकाला मी ते माप हातात देतो आणि काठावरून बोट फिरवायला सांगतो. धूळ मऊ कुंचल्याने झटकून, तोंडाला बारीक जाळी बांधलेल्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये ओढून घेणे, एवढीच सफाई स्वयंसेवकाच्या अखत्यारीत येते. पाणी, तेल, पॉलिश, डिंक यांपैकी काहीही वापरायचे असेल तर संवर्धनतज्ज्ञाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

याउलट, नुकसान होऊ न देण्याची कामे स्वयंसेवक उत्तम करू शकतात. कापड, जलरंगातली चित्रे आणि कागद यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) जास्त प्रकाश पडू नये असा सर्वमान्य दंडक आहे. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते, दिवा बंद केल्याने ती भरून निघत नाही. म्हणून दालनात कोणी नसताना पेटीवर मांजरपाटाचा पडदा ओढणारा माणूस त्या कापडाचे आयुष्य अक्षरशः वाढवत असतो. हे मांजरपाट आधी धुऊन त्याची खळ काढलेली हवी. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो, त्यामुळे आर्द्रतामापकाचा आकडा रोज त्याच वेळी वहीत उतरवणे हे कंटाळवाणे भासणारे काम प्रत्यक्षात पहाऱ्याचे काम आहे. वाळवी, कसर आणि लाकूड पोखरणारे किडे यांच्यासाठी कोपऱ्यांत चिकट सापळे ठेवून महिन्यातून एकदा त्यांतले किडे मोजायचे असतात. लाकडी वस्तूखाली पिठासारखा ताजा भुगा दिसला, तर ती वस्तू त्याच क्षणी इतरांपासून वेगळी करून पॉलिथिनमध्ये सीलबंद करायची. कीड लागलेले कापड किंवा साधे लाकूड असे बंद करून उणे ३० अंश सेल्सिअसला तीन दिवस, किंवा घरगुती फ्रीझर मिळतो तिथे उणे २० अंशाला दोन आठवडे ठेवण्याची पद्धत आहे. मात्र रंगवलेल्या, जडावाच्या किंवा अनेक साहित्यांनी मिळून बनलेल्या वस्तूंसाठी आधी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

हातमोज्यांबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो. धातूच्या वस्तू आणि छायाचित्रे हाताळताना नायट्रिलचे हातमोजे घालायलाच हवेत, कारण घामाचा ठसा धातूत कायमचा कोरला जातो. पण जुने कागद आणि पुस्तके हाताळताना सुती मोज्यांमुळे बोटांची जाणीव बोथट होते आणि पाने फाटतात. तिथे स्वच्छ धुतलेले, पूर्ण कोरडे हातच योग्य.

धोक्याच्या वस्तूंची माहिती मात्र पहिल्याच दिवशी द्यायला हवी, आणि अनेक ठिकाणी ती दिली जात नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांच्या घड्याळांत रेडियम असू शकते. त्यांचा प्रकाश विझला तरी किरणोत्सर्ग चालूच राहतो, म्हणून त्यांची काच कधीही उघडू नये. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्या-पक्ष्यांवर आर्सेनिक लावलेले असण्याची शक्यता धरूनच चालावे. जुने तापमापक आणि वायुभारमापक यांत पारा असतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छायाचित्रांसाठी व चित्रपटांसाठी वापरात असलेली सेल्युलोज नायट्रेटची फिल्म एकदा पेटली की विझवता येत नाही. युद्धकाळातली स्मृतिचिन्हे म्हणून आलेल्या डब्यात जिवंत काडतूसही असू शकते. यांपैकी काही समोर आले तर ते जागेवरच ठेवून जबाबदार व्यक्तीला कळवायचे, कुतूहलापोटी उघडून पाहायचे नाही.

माझ्या मते स्वयंसेवकाला सर्वाधिक समाधान देणारे काम छायाचित्रांचे आणि आठवणींचे आहे. प्रत्येक लहान संग्रहालयात नावगाव नसलेल्या छायाचित्रांची खोकी असतात : वर्गाचे फोटो, कारखान्याच्या दारात उभे असलेले कामगार, पुराचे पाणी चढलेला रस्ता. ती ६०० डीपीआयला, म्हणजे इंचामागे ६०० बिंदूंनी, स्कॅन करून, टिफ या फाइल-स्वरूपात मूळ प्रत जपून, मोठे छापील नमुने टेबलावर मांडायचे आणि भागातल्या वृद्ध मंडळींना बोलवायचे. एका वर्गाच्या फोटोत बेचाळीस मुले होती आणि आमच्याजवळ एकाचेही नाव नव्हते. दोन बहिणी आल्या. धाकटी चेहऱ्यांवरून नावे आठवू पाहत होती आणि तिला जमत नव्हते. थोरलीने चेहऱ्यांकडे न पाहता बाकांची रांग पाहिली आणि हजेरीच्या क्रमाने नावे घ्यायला सुरुवात केली. एकोणतीस नावे मिळाली. आम्ही पारदर्शक कागद फोटोवर ठेवून प्रत्येक आकृतीची बाह्यरेषा काढली, तिच्यात आकडा घातला आणि त्या आकड्यासमोर नाव लिहिले. मूळ फोटोवर काहीही लिहिले नाही. पुढच्या वर्षी थोरली बहीण गेली. हे काम पुढे ढकलण्यासारखे का नाही, हे त्या वर्षी आम्हा सर्वांना कळले.

मौखिक इतिहासाच्या ध्वनिमुद्रणाला थोडे तांत्रिक शिक्षण लागते, पण ते एका आठवड्यात येते. दाबून लहान केलेल्या फाइलऐवजी वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाने मुद्रण करावे, आणि फाइलच्या तीन प्रती दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर ठेवून त्यांतली एक इमारतीबाहेर असावी. बोलणाऱ्याची लेखी संमती घेताना, हे कोण ऐकू शकेल आणि कोणता भाग बंद ठेवायचा, हे त्यालाच ठरवू द्यावे. तंत्रापेक्षा अवघड आहे ते गप्प बसणे. ‘तेव्हा फार हाल झाले असतील ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘सकाळी कामावर पोहोचल्यावर पहिले काय करायचात?’ या प्रश्नाला वीस मिनिटांचे उत्तर मिळते, आणि त्यात यंत्राचे नाव, मुकादमाचा स्वभाव, भोंग्याची वेळ असे सगळे येते. बोलणारा थांबला की मनात पाचपर्यंत मोजावे. सर्वांत मोलाचे वाक्य बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येते.

प्रवेशाच्या टेबलावर बसणे हे हलके काम आहे, असा समज प्रश्नातही डोकावतो आहे, आणि तो मला मनापासून दूर करावासा वाटतो. नालबंदाचा मुलगा आला होता तो त्याच टेबलावरून. तिथे बसलेल्या माणसाने मान वर करून ‘काही विशेष पाहायला आला आहात का?’ असे विचारले नसते, तर ते गृहस्थ एक फेरी मारून निघून गेले असते. टेबलाजवळ एक वही कायम ठेवावी, आणि भेट देणाऱ्याने सांगितलेली कोणतीही गोष्ट, ती चुकीची वाटली तरी, वस्तूच्या क्रमांकासह तिच्यात उतरावी. दालनात माहिती सांगताना पाठ केलेले भाषण म्हणू नये. चाळीस वस्तू दाखवण्यापेक्षा पाच वस्तूंपाशी थांबावे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगून विचारणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे. शाळेच्या मुलांसाठी आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांसाठी हाताळायच्या वस्तूंची वेगळी पेटी असते. तिच्यातल्या वस्तू मुख्य संग्रहाच्या नोंदीत नसतात, म्हणून त्या निर्धास्तपणे हाती देता येतात. ज्या आजींना नातवाचे नाव आठवत नव्हते त्यांनी शिवणयंत्राची बॉबिन हातात येताच ती सराईतपणे भरून दाखवल्याचे मी पाहिले आहे.

टेबलावर बसणाऱ्याने काही मर्यादाही पाळायच्या असतात. वस्तूची किंमत विचारली तर ती सांगू नये. संग्रहालय मूल्यांकन करत नाही, एवढे सौजन्याने सांगावे. दारात आणून दिलेली वस्तू तिथल्या तिथे स्वीकारू नये, कारण काय घ्यायचे हे संकलन धोरणानुसार समिती ठरवते. आणलेली वस्तू तात्पुरती ठेवून घ्यावी लागलीच, तर नाव, संपर्क आणि तारीख घालून पावती द्यावी. नकार देणे जड जाते, हे खरे आहे. पण दहावे शिवणयंत्र घेऊन ते गळक्या छताखाली ठेवण्यापेक्षा, ते ज्या संस्थेला हवे आहे तिचा पत्ता देणे हाच देणाऱ्याचा खरा मान आहे. संग्रहालय ज्या प्रकारच्या वस्तू जमवते त्याच वस्तू स्वतःसाठी जमवणाऱ्याने तसे आधीच उघडपणे सांगावे, म्हणजे पुढे शंकेला जागा उरत नाही.

स्वयंसेवकांच्या आपसांतल्या नात्यांबद्दल थोडेच लिहितो. बहुतेक भांडणे एकाच कारणाने होतात : वर्षानुवर्षे एक काचपेटी सांभाळणाऱ्याला ती आपली वाटू लागते. ही माया चांगली आहे. पण त्या पेटीची सगळी माहिती जर त्याच्या डोक्यातच राहिली, तर तो आजारी पडल्यावर संग्रहालय आंधळे होते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक काम दोघांना येते आणि दर पाळीच्या शेवटी शेवटची दहा मिनिटे दिवसाच्या वहीत काय केले, कुठे थांबलो, पुढे काय करायचे हे लिहिण्यासाठी राखून ठेवलेली असतात. ज्याला एकच दिवस देता येतो त्याने एकच दिवस द्यावा, पण तो ठरलेला असावा. महिनाभर रोज येऊन पुढे सहा महिने न येणाऱ्यापेक्षा, दर बुधवारी तीन तास येणाऱ्याच्या हातून कितीतरी जास्त काम होते, कारण अर्धवट सोडलेली नोंद दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

रुजू होण्याआधी काय पाहावे, हे आता सांगतो. ‘आयकॉम’ने १९८६ मध्ये स्वीकारलेल्या आणि २००४ मध्ये सुधारलेल्या आचारसंहितेत, स्वयंसेवी कामाविषयी संग्रहालयाचे लेखी धोरण असावे, असे म्हटले आहे. ते धोरण पाहायला मागा. ते चार ओळींचे असले तरी चालेल, परंतु तुमचे काम काय, तुम्ही कोणाला विचारून ते करायचे, प्रशिक्षण कोण देणार, प्रवासखर्च मिळतो का, आणि काम करताना इजा झाली तर विम्याचे संरक्षण आहे का, एवढे त्यात असावे. पगारी माणूस नेमणे टाळण्यासाठी स्वयंसेवक घेतले जात असतील, तर तिथे जाण्याआधी पुन्हा विचार करावा, कारण अशा ठिकाणी दोघांनाही सन्मान मिळत नाही. साठवणीची खोली दाखवाल का, असेही विचारा. ती अस्ताव्यस्त असली म्हणून बिचकू नका. ती दाखवताना ते मोकळेपणाने बोलतात का, एवढेच पाहा.

आणि पहिल्या भेटीत एक छोटी चाचणी घ्या. काचपेटीतली कोणतीही एक साधी वस्तू निवडा, तिच्यावरचा क्रमांक मागून घ्या आणि दाखल नोंदवहीत तो कोणाच्या तरी मदतीने शोधा. देणाऱ्याचे नाव, वस्तू कुठे व कशी वापरली जात होती, आणि देणगीपत्र, या तिन्ही गोष्टी सापडल्या तर तुम्ही एका चांगल्या सांभाळलेल्या संग्रहालयात आला आहात. त्यांपैकी एखादी सापडली नाही, तर ती वस्तू कोणती हे टिपून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात तिच्यापासूनच कामाला सुरुवात करू का, असे विचारा.